मधुमेहाच्या तपासणीत मनाचीही विचारपूस व्हावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जागतिक मधुमेह दिनानिमित्त आपल्या वृत्तपत्राने काढलेली पुरवणी मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. आहार, व्यायाम, पायांची निगा, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, मूत्रपिंडाची काळजी या विषयांवर तज्ज्ञांनी कळकळीने लिहिले आहे आणि त्यांतले काही लेख मी कापून ठेवले आहेत. परंतु त्या संपूर्ण पुरवणीत नैराश्य हा शब्द मला एकदाही आढळला नाही. 'मानसिक ताण टाळावा' या एका वाक्यात मनाचा विषय आटोपला होता. साखर, पोटाचा घेर, रक्तदाब आणि रक्तातील चरबी एका दालनात, तर नैराश्य दुसऱ्या दालनात, अशी जी वाटणी आपण करून ठेवली आहे, तिच्यापायी आमच्या घराची काही वर्षे वाया गेली. म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझ्या यजमानांनी ते वाचले आहे, दोन ठिकाणी दुरुस्त केले आहे आणि पाठवण्यास संमती दिली आहे.

यजमानांना वयाच्या ५२व्या वर्षी मधुमेह असल्याचे कळले. बँकेत हयात गेलेला हिशेबी माणूस. आजारही त्यांनी हिशेबानेच सांभाळला. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, वजन, रक्तदाब असे रकाने आखलेली त्यांची एक वही होती. रोज पहाटे नेहरू पार्कमध्ये चालणे, परतताना मित्रांबरोबर पोह्यांची अर्धी प्लेट आणि जिलबीला हात न लावणे, हा नेम त्यांनी आठ वर्षे पाळला. इंदुरात राहून पोह्यांबरोबरची जिलबी नाकारायला किती निग्रह लागतो, हे येथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी चाचणी असते, ती एचबीएवनसी, सातच्या आसपास राहत असे आणि डॉक्टर इतर रुग्णांना त्यांचे उदाहरण देत असत.

२०१६ साली ते निवृत्त झाले. वर्षभरात वहीतील नोंदी विरळ झाल्या आणि मग थांबल्याच. पहाटेचे चालणे आधी थंडीमुळे सुटले, नंतर गुडघ्यामुळे, आणि पुढे कारण सांगण्याचीही त्यांना गरज वाटेनाशी झाली. 'सानंद'च्या नाटकांचे सभासदत्व आम्ही अनेक वर्षे घेत आलो होतो. त्या नाटकांना मी एकटी जाऊ लागले आणि शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. रात्री दोन-तीन वाजता स्वयंपाकघरात दिवा लागायचा आणि शेवेच्या डब्याचे झाकण वाजायचे. दुपारी मात्र ते तासन्‌तास झोपून असत. ते रडले नाहीत, मरणाविषयी बोलले नाहीत, उदास आहे असेही म्हणाले नाहीत. फक्त चिडचिड वाढली आणि बोलणे कमी झाले. आम्ही त्याला निवृत्तीचा आळस समजलो.

एचबीएवनसी सातवरून साडेआठवर आणि तिथून ९.६ वर गेले. दर तपासणीला एक गोळी वाढत असे आणि तिच्यासोबत बोलणीही खावी लागत. पथ्य पाळत नाही, स्वतःच्या शरीराची पर्वा नाही, शिकलेला माणूस असून असे कसे वागता, असे त्यांना ऐकवले जाई. हे केवळ डॉक्टरांनी केले असे मी म्हणणार नाही. मीही तेच केले. शेवेचा डबा मी कपाटात कुलूप लावून ठेवला होता, ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. ज्याच्या मनाला काहीही नकोसे झाले आहे, त्याच्या हातून खाण्यातला शेवटचा विरंगुळाही काढून घेण्याने काय होणार होते? तो माणूस आणखी आत आत गेला.

एकदा आमचे नेहमीचे डॉक्टर रजेवर असताना त्यांच्या जागी आलेल्या एका तरुण डॉक्टरणीने साखरेचा कागद बाजूला ठेवला आणि त्यांना दोन प्रश्न विचारले. गेल्या पंधरा दिवसांत एखाद्या गोष्टीत मन रमले का, आणि उदास किंवा हताश वाटत राहिले का? यजमान बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मन रमून झालं ते मागच्या दिवाळीत." तेव्हा मार्च महिना चालू होता. चार महिने हा माणूस माझ्याशेजारी बसून जेवत होता आणि हे मला ठाऊक नव्हते. त्या दोन प्रश्नांना अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागला नसेल. पुढे नऊ प्रश्नांची एक ठरावीक प्रश्नावली भरून घेतली गेली. पीएचक्यू-९ या नावाची ही प्रश्नावली २००१पासून जगभर वापरात आहे आणि तीत २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले, तर नैराश्याच्या दृष्टीने नीट तपासणी व्हायला हवी असे मानतात. यजमानांचे गुण १७ आले.

या अनुभवानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. रसायनशास्त्र शिकवण्यात तीस वर्षे गेल्यामुळे त्यातले बरेचसे उलगडतही गेले. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की हा संबंध काही नव्याने सापडलेला नाही. मधुमेही रुग्णाची लघवी गोड लागते याची नोंद करणाऱ्या टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने सतराव्या शतकातच दीर्घकाळच्या दुःखाला या आजाराच्या कारणांत गणले होते. त्याला ग्लुकोज माहीत नव्हते, इन्सुलिन माहीत नव्हते. समोर बसलेला रुग्ण मात्र त्याने नीट पाहिला होता. पुढच्या काळात आपण ग्लुकोज मोजायला शिकलो आणि रुग्णाकडे पाहायचे राहून गेले, असे मला वाटते.

आधुनिक संशोधनाने हे नाते दोन्ही दिशांनी मोजले आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, ४२ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याची शक्यता मधुमेह नसलेल्यांच्या दुप्पट आढळली. परंतु आधी कोण आणि मागून कोण, हा प्रश्न त्याने सुटत नव्हता. २००८च्या दुसऱ्या एका विश्लेषणात लोकांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवणारे अभ्यास एकत्र केले गेले. आधी नैराश्य असलेल्यांना पुढे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी अधिक होता, तर आधी मधुमेह असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी अधिक होता. लठ्ठपणाबाबत २०१० साली असेच विश्लेषण झाले आणि तेथे दोन्ही दिशांचे आकडे जवळपास सारखे निघाले, लठ्ठपणातून नैराश्याकडे ५५ टक्के आणि नैराश्यातून लठ्ठपणाकडे ५८ टक्के. मधुमेह झाल्याच्या काळजीने माणूस खचतो, एवढेच आपण सर्वसाधारणपणे धरून चालतो. मधुमेहाच्या बाबतीत तर उलट दिशेचा रस्ताच अधिक रुंद आहे, याचे मला फार आश्चर्य वाटले.

यामागची यंत्रणा थोडी समजून घेण्यासारखी आहे, कारण ती समजली की 'आळशी' हा शब्द तोंडातून निघत नाही. संकट आले की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथींकडून मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप जातो आणि त्या कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक सोडतात. त्याचे काम रक्तात साखर उपलब्ध करून देण्याचे आहे. यकृत साखर तयार करू लागते, स्नायू इन्सुलिनला पूर्वीइतकी दाद देत नाहीत, आणि पळायला किंवा लढायला लागणारे इंधन रक्तात तयार राहते. संकट टळले की ही व्यवस्था शांत व्हावी अशी निसर्गाची योजना आहे. नैराश्यातील अनेक रुग्णांमध्ये ती पुरती शांत होत नाही. निरोप जातच राहतात. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याच्या शरीरात पळण्यासाठी लागणारे इंधन दिवसरात्र ओतले जात असते. न वापरलेले हे इंधन चरबीच्या रूपाने साठते, आणि कॉर्टिसॉलच्या प्रभावाखाली ते विशेषतः पोटाच्या आत, अवयवांभोवती साठते.

ही आतली चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून दाह वाढवणारी रसायने रक्तात येतात आणि ती इन्सुलिनचे काम आणखी बिघडवतात. त्यांचे संकेत मेंदूपर्यंतही पोहोचतात. आपल्याला ताप येतो तेव्हा अंग टाकून पडावेसे वाटते, तोंडाची चव जाते, कोणी बोलायला आले तरी नको होते. ही अवस्था जंतू थेट आणत नाहीत. जंतूंशी लढणाऱ्या शरीराने सोडलेली रसायने ती आणतात. सौम्य पण सतत धुमसणारा दाह असेल तर त्या तापातल्या मनःस्थितीची एक फिकट सावली महिनोन्‌महिने राहू शकते. याचा एक ढळढळीत पुरावा हिपॅटायटिस सीच्या जुन्या उपचारात मिळाला. त्या रुग्णांना इंटरफेरॉन हे दाह चेतवणारे औषध द्यावे लागे आणि आधी मनाने ठणठणीत असलेल्या कित्येकांना त्या औषधाच्या काळात खरेखुरे नैराश्य येत असे.

झोपेचेही तसेच. शिकागो विद्यापीठात १९९९ साली झालेल्या एका प्रयोगात ११ निरोगी तरुणांना सहा रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले, तेव्हा साखर हाताळण्याची त्यांच्या शरीराची क्षमता लक्षणीयरीत्या घटली. धडधाकट तरुणांची सहा रात्रींत ही गत झाली, तर साठी उलटलेल्या मधुमेह्याची दोन वर्षांच्या जागरणांनी काय झाली असेल? आम्ही मात्र ती वाढलेली साखर शेवेच्या खात्यावर मांडत होतो.

येथे एक खुलासा करायला हवा. नैराश्य असलेल्या प्रत्येकाचे वजन वाढत नाही. कित्येकांची भूक मरते, झोप उडते आणि वजन घटते. ज्यांची भूक आणि झोप वाढते, अंग जड वाटते, त्यांच्यात चयापचयाचा बिघाड आणि दाह अधिक दिसतो, असे नेदरलँड्समधील एका मोठ्या अभ्यासात आढळले आहे. माझ्या यजमानांत दोन्हींची सरमिसळ होती. म्हणून कोणी माझे पत्र वाचून प्रत्येक स्थूल माणसाला उदास ठरवू नये, किंवा प्रत्येक उदास माणसासमोर वजनकाटा ठेवू नये.

वजनकाट्याविषयी आणखी थोडे सांगते, कारण आपल्याकडे तो फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे छापून एक गोष्ट दाखवून दिली होती. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक पण आतून चरबीचा, असा आपल्या लोकांचा बांधा असतो. माझ्या यजमानांचे वजन ६४ किलोंच्या वर कधी गेले नाही, त्यामुळे 'तुम्ही तर सडपातळ आहात' असे त्यांना सगळे म्हणत. पोटाचा घेर मोजला तेव्हा तो ९६ सेंटिमीटर निघाला. भारतीय पुरुषासाठी ९० आणि स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानली जाते. घेर, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील चरबीचा एक प्रकार), कमी झालेले चांगले कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर या पाचांपैकी तीन बिघडले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. यजमानांचे चार बिघडलेले होते.

आता मनोविकारतज्ज्ञांकडच्या बाजूविषयीही लिहायला हवे, नाहीतर हे पत्र एकांगी होईल. नैराश्याचे निदान झाल्यावर त्यांना मिर्टाझापिन हे औषध सुरू झाले. झोप लागू लागली, बोलणे वाढले, तीन महिन्यांत त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र हातात घेतले. तो दिवस मी विसरणार नाही. पण त्याच काळात भूक अनावर झाली आणि वर्षभरात वजन सहा किलोंनी वाढले. त्या वर्षात मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात त्यांचा घेर एकदाही मोजला गेला नाही, साखरेचा कागद एकदाही मागितला गेला नाही. मधुमेहाच्या दवाखान्यात वजन वाढल्याबद्दल पुन्हा बोलणी बसली, पण कोणती नवी गोळी चालू आहे हे कोणी विचारले नाही. दोन दवाखान्यांत अंतर जेमतेम एका किलोमीटरचे. त्यांच्यामधला निरोप्या मी होते, आणि काय निरोप न्यायचा हे मला माहीत नव्हते.

मिर्टाझापिन, पॅरॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन या औषधांनी भूक आणि वजन वाढू शकते; ओलान्झापिन किंवा क्वेटियापिन जोडीला दिले असेल तर ती शक्यता आणखी वाढते. दुसरी काही औषधे या बाबतीत बरीच सौम्य आहेत. हे ठाऊक असलेला तज्ज्ञ रुग्ण पाहून निवड करू शकतो, औषध बदलू शकतो, आणि आमच्या बाबतीत शेवटी तसेच झाले. ओलान्झापिनच्या वर्गातील औषधांबाबत तर २००४ सालीच अमेरिकेतील मधुमेह आणि मनोविकार या दोन्ही क्षेत्रांतील संघटनांनी एकत्र बसून ठरवून दिले होते, की उपचार सुरू करताना वजन, घेर, रक्तदाब, साखर आणि चरबी मोजावी आणि पुढेही ठरावीक अंतराने मोजत राहावे. मात्र वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे, की हे वाचून कोणी आपली चालू गोळी मनाने बंद करू नये. अशी गोळी एकदम सोडली तर त्रास होतो आणि गेलेले नैराश्य परत येऊ शकते. डॉक्टरांना विचारावे, वजनाचा आकडा दाखवावा, पर्याय मागावा.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध वर्षानुवर्षे घेतल्यास शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असते. बी-१२ची कमतरता आणि थायरॉइडची मंदगती ही दोन्ही थकवा, विस्मरण, उदासी अशा रूपाने दिसतात आणि ती साध्या रक्ततपासणीत कळतात. यजमानांचे बी-१२ खूपच खाली गेले होते. त्यांचे सगळे नैराश्य त्यातून आले होते असे नव्हे, पण भार त्याचाही होता.

मुलींविषयीही एवढे सांगते. माझ्या जुन्या विद्यार्थिनींपैकी अनेकींना पीसीओएसचा, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या संप्रेरकांच्या विकाराचा, त्रास आहे आणि त्यांना सर्वत्र ऐकायला मिळते ते 'वजन कमी कर' हेच. पीसीओएसमध्ये इन्सुलिनला मिळणारी दाद कमी झालेली असते आणि नैराश्यही अधिक आढळते. म्हणूनच त्यासंबंधीच्या २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी अशा प्रत्येक रुग्णाची नैराश्यासाठी चाचणी करण्याची शिफारस केली आहे. किती दवाखान्यांत ती होते, हे त्या मुलींनीच सांगावे.

हे सारे परदेशातले आहे, आपल्या गर्दीच्या दवाखान्यांत हे कसे जमणार, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी आपल्याच देशातील एक प्रयोग सांगते. चेन्नई, बेंगळुरू, विशाखापट्टणम आणि दिल्ली येथील चार मधुमेह दवाखान्यांत, मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ४०४ रुग्णांवर हा प्रयोग झाला आणि २०२० साली 'जामा' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांसाठी एक समन्वयक नेमलेला होता. तो मनोविकारतज्ज्ञ नव्हे. तो रुग्णाशी नियमित बोलत असे, मनाचे आणि साखरेचे आकडे एकाच ठिकाणी नोंदवत असे आणि ते घेऊन डॉक्टर व मनोविकारतज्ज्ञ ठरावीक काळाने एकत्र चर्चा करत असत. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा नैराश्याची लक्षणे निम्म्याने घटली आणि त्याच वेळी साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी निदान एक सुधारले, असे रुग्ण समन्वयक असलेल्या गटात ७१.६ टक्के होते आणि नेहमीच्या गटात ५७.४ टक्के. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २१४ रुग्णांवर २०१० साली परिचारिकांच्या मदतीने असाच प्रयोग झाला होता आणि त्याचाही निष्कर्ष याच दिशेचा होता. यात कोणतेही नवे औषध नव्हते, महागडे यंत्र नव्हते. निरोप नेणारा एक शिकवलेला माणूस होता. मी जे काम अडाणीपणे करत होते, ते जाणतेपणाने करणारा माणूस.

चालण्याचा आणि आहाराचा उपयोग मनासाठीही आहे, हे मी नाकारत नाही. २०२४ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, २१८ चाचण्यांच्या विश्लेषणात चालणे-धावणे, योगासने आणि वजनांचे व्यायाम यांनी नैराश्य कमी झाल्याचे दिसले आहे. ऑस्ट्रेलियातील २०१७च्या ६७ जणांच्या एका छोट्या चाचणीत १२ आठवडे आहार सुधारणाऱ्यांपैकी ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, तर केवळ गप्पागोष्टींची सोबत मिळालेल्यांपैकी ८ टक्के. परंतु नैराश्याच्या तळाशी असलेल्या माणसाला 'रोज पाच किलोमीटर चाला' असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला चालायला सांगण्यासारखे आहे. आधी प्लॅस्टर लागते. आमच्याकडे सुरुवात फाटकापर्यंत जाऊन येण्याने झाली. मी काही न बोलता चपला घालायची आणि शेजारी उभी राहायची. फाटकापासून कोपऱ्यावरच्या दुधाच्या दुकानापर्यंत जायला आम्हाला पाच आठवडे लागले.

आपल्या देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आढळले. दुसरीकडे २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यात आपले मध्य प्रदेश राज्यही होते, नैराश्य असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. हे ८५ जण कुठे असतील? त्यांच्यातले कित्येक मधुमेहाच्या दवाखान्यातील बाकावर, हातात साखरेचा कागद घेऊन बसलेले असतील, असे मला खात्रीने वाटते. मनोविकारतज्ज्ञाचे दार ते कधीच ठोठावणार नाहीत. आपल्या शहरात मनाच्या आजाराचे नाव काढले की आजही लोकांच्या डोळ्यांसमोर बाणगंगेचे रुग्णालय येते आणि ते नाव कुजबुजत घेतले जाते. तेथे काम करणाऱ्यांवर हा अन्याय आहे, आणि रुग्णांवर त्याहून मोठा. साखरेच्या दवाखान्यात जायला मात्र कोणालाही लाज वाटत नाही. मग मनाचे प्रश्न त्याच दवाखान्यात का विचारू नयेत?

सरकारी व्यवस्थेने याची सुरुवात केली आहे, हे सांगितले पाहिजे. तीस वर्षांवरील नागरिकांसाठी आशा कार्यकर्त्या जो तपासणीचा अर्ज भरून घेतात, त्यात कमरेच्या घेराबरोबर आता मनाविषयीचे ते दोन प्रश्नही आहेत. राज्यातील जिल्हा रुग्णालयांत 'मन कक्ष' उघडलेले आहेत. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा निःशुल्क क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे आणि त्यावर घरबसल्या बोलता येते. जे प्रश्न आशाताई खेड्यातल्या ओसरीवर बसून विचारू शकते, ते शहरातल्या वातानुकूलित दवाखान्यात विचारले जात नाहीत, याला वेळेचा अभाव हे कारण मला पटत नाही. वजन घेणारी परिचारिका तो कागद भरून घेऊ शकते.

इंदुरातील आपली मराठी मंडळे, गणेशोत्सवातील समित्या, ज्येष्ठ नागरिक संघ दरवर्षी मधुमेह तपासणी शिबिरे घेतात. मीही अशा शिबिरांत नावनोंदणीच्या टेबलावर बसते. यंदाच्या शिबिरासाठी मी आमच्या मंडळाकडे तीन गोष्टी मागितल्या आहेत. बोटातून रक्त घेण्याच्या टेबलाशेजारी एक मोजपट्टी असावी, दोन प्रश्नांचा मराठी-हिंदीत छापलेला कागद असावा, आणि ज्यांच्या उत्तरांवरून नैराश्याची शंका येईल त्यांच्याशी आडोशाला, शांतपणे बोलण्यासाठी एक प्रशिक्षित समुपदेशक असावा. पहिल्या दोन गोष्टी लगेच मान्य झाल्या. तिसरीसाठी माणूस शोधणे चालू आहे. आपल्या वाचकांपैकी कोणी मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक डिसेंबरातील एक रविवार देऊ शकत असतील, तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, ही विनंती. आपल्या वृत्तपत्रानेही पुढच्या पुरवणीत या विषयासाठी एक पान राखावे आणि त्यावर मधुमेहतज्ज्ञ व मनोविकारतज्ज्ञ या दोघांना एकत्र लिहायला बसवावे.

यजमानांची वही पुन्हा सुरू होऊन आता पाच वर्षे झाली. गेल्या तपासणीत एचबीएवनसी ७.४ होते. वहीत त्यांनी स्वतःच दोन नवे रकाने आखले आहेत, एक झोपेच्या तासांचा आणि दुसरा 'मन' असा. दुसऱ्या रकान्यात ते शून्य ते दहा असा आकडा लिहितात. काल तेथे सहा होते. मंगळवारी तीन होते, म्हणून बुधवारी आम्ही डॉक्टरांना दूरध्वनी केला.

कृपया पत्राखाली माझे नाव छापू नये. ज्या गल्लीत आम्ही राहतो, तेथे अजून तेवढी मोकळीक आलेली नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
इंदूर